मूळ झाडाचा पत्ता

साबणाच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं वास घेतला. तयार झालेल्या प्रत्येक खेपेतली एक वडी माझ्या टेबलावर यायची, मी तिला नाक लावायचो आणि कागदावर ‘ठीक’ किंवा ‘परत’ असं लिहायचो. चरबीचा जरा खवट वास आला की आख्खी खेप परत. या नोकरीमुळे माझं नाक घडलं, पोट बिघडलं आणि गल्लीत मला ‘साबण’ म्हणू लागले. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर. मी मनावर घेतलं नाही. यापेक्षा वाईट पदार्थांची नावं पडलेली माणसं आमच्या गल्लीत आहेत.

अशा माणसाने माळीकाम करणाऱ्या बाईशी लग्न करू नये. मी केलं. माझी बायको गावच्या सरकारी रोपवाटिकेत मुख्य माळीण. कुजलेल्या पाल्याची मूठ उचलून ती नाकाशी नेते, डोळे मिटते आणि ‘वा!’ म्हणते. तिच्या नखांखालची माती आमच्या लग्नापेक्षा जुनी आहे. गोगलगाई ती बोटांनी वेचते आणि मिठाच्या पाण्यात टाकते. ते पाणी फेसाळतं. मी ते एकदाच पाहिलं आणि आठवडाभर सूप प्यालो नाही. गांडुळांचा डबा मात्र फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, एवढी एक लढाई मी संसारात जिंकलो आहे. डबा फ्रिजच्या वर असतो.

तिच्या सगळ्या उद्योगांत मला एकाच गोष्टीची किळस नव्हती. ती म्हणजे तिचा थाईम.

थाईम म्हणजे जमिनीला बिलगून पसरणारं वीतभर झुडूप. पानं इतकी बारीक की मोजायला गेलात तर चष्म्याचा नंबर वाढेल. बोटांत चोळली की ओव्याच्या जवळचा वास येतो, पण ओव्यापेक्षा मोकळा, आणि मागून हळूच लिंबाची साल. बाजारात मिळतो तो थाईम नाजूक घराण्यातला. पाणी जास्त झालं की कुजतो, कमी झालं की वाळतो आणि अगदी बरोबर झालं की उगाचच मरतो. हिचा तसा नव्हता. तीन आठवडे पाणी नाही दिलं तरी हिरवा. दोन हिवाळे वाफ्यावर दहिवर गोठलं, तरी खाली जिवंत. त्याच्यावर बूट घालून चाललं तर चिडून आणखी वास सोडायचा. हिने त्याचं नाव ‘चिवट’ ठेवलं होतं.

एकतीस वर्षांत मी इतका स्वच्छ वास घेतला नव्हता, हे मी नोकरीतल्या गांभीर्याने सांगतो. नऊ वर्षं तो थाईम मी चहात टाकला, उशीच्या अभ्र्यात ठेवला, रुमालाच्या घडीत ठेवला. दात दुखला तेव्हा रात्रभर गालात धरून झोपलो.

“हा मिळाला कुठं तुला?” असं मी तिला पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

“कामावरून येताना दिसला. वाटेतच,” ती म्हणाली.

मी मनातल्या मनात एक टेकडी उभी केली, तिच्यावर थोडं ऊन सोडलं आणि पुढं काही विचारलं नाही. नाक सोडून बाकीची इंद्रियं मी फारशी वापरत नाही, ही माझी चूक.

यंदा ती निवृत्त होणार होती. रोपवाटिकेचा नियम असा की माळी बदलला की नव्या माळ्याच्या ताब्यात फक्त यादीतली झाडं जातात. यादीत नाही ते तण. ते उपटायचं आणि कुजवायला टाकायचं. चिवट यादीत नव्हता. यादीत घालणारी समिती तीन वर्षांतून एकदा येते, आणि ती हिच्या निवृत्तीच्या बरोबर अकरा दिवस आधी, एका मंगळवारी येणार होती. म्हणजे त्या मंगळवारी चिवट यादीत गेला तर गेला. नाहीतर नऊ वर्षं फावड्यावर.

बायको घाबरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ती नखं घासत होती.

अर्जात चौदा रकाने होते. बारावा, पत्त्याचा, आणि वर्णनाचा हे दोन समितीने भरायचे; बाकीचे जेवणाच्या टेबलावर बसून तिने एकेक भरले. अकरावा रकाना होता: ‘मूळ झाड: आहे / नष्ट. लागू नसेल ते खोडा.’ या धंद्यातले सगळे जण डोळे मिटून ‘आहे’ खोडतात. कारण मूळ झाड असलं, तर समितीने ते जागेवर जाऊन पाहिलंच पाहिजे असा नियम आहे, आणि समितीला चालायला लावलेलं आवडत नाही. हिला हे माहीत होतं. तरी हिने ‘नष्ट’ खोडलं आणि पुढं आपल्या हाताने लिहिलं, ‘जोमात.’

“हे का लिहिलंस?” मी विचारलं.

“अहो, तेच तर दाखवायचंय! झाड कसल्या जागेत जगलंय ते बघितलं की समितीचे डोळेच फाटतील.”

“मग ठीक,” मी म्हणालो. माझ्या मनातल्या टेकडीवर मी आणखी दोन खडक ठेवले.

मंगळवारी समिती आली. तीन माणसं. अध्यक्ष म्हणजे वनस्पतीशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. कागद उलटताना ते बोट जिभेला लावत, मग त्याच बोटाने पान चोळत, मग तेच बोट पुन्हा जिभेला. पंधरा मिनिटांत त्यांनी आख्खी रोपवाटिका चाटली. दुसरा एका मोठ्या हॉटेलातला मुख्य आचारी. त्याने एक चमचा स्वतःबरोबर आणला होता. तो चमचा तोंडात जायचा, तिथून वाडग्यात, वाडग्यातून परत तोंडात. तिसऱ्या बाई यादीतली वर्णनं लिहीत. त्यांच्या लेखी प्रत्येक झाड मनमोहक असतं. निवडुंगसुद्धा. त्यांच्या अंगावर इतकं अत्तर होतं की मी वाऱ्याची दिशा बघून उभा राहत होतो.

मी पाहुण्यांना पाणी द्यायला म्हणून गेलो होतो. ग्लास मी घरून नेले होते.

हिने आधी त्यांना चव दाखवली. उकडलेले बटाटे, लोणी लावलेला पाव, वर चिवट बारीक चिरून. आचाऱ्याने डोळे मिटले.

“बाई, हा काय प्रकार आहे? वीस वर्षं मी थाईम म्हणून जे वापरतोय ते काय मग, झाडूच्या काड्या?”

“अजून घ्या ना,” ही म्हणाली.

त्याने तीन वेळा घेतलं. चमच्यानेच. अध्यक्षांनी बुटांनिशी वाफ्यावर शतपावली केली, वाकून पाहिलं, एक पान मोडलेलं नाही. वर्णनवाल्या बाई वहीत भराभर लिहीत होत्या.

“ह्याच्यात डोंगर आहे हो, डोंगर!” त्या म्हणाल्या. “थंड, निर्मळ वारा आहे. कुठल्या शिखरावर सापडला?”

बायकोचा चेहरा असा फुलला की विचारू नका. “चला, दाखवते. मूळ झाड अजून तिथंच आहे. पाच मिनिटं चालायचंय.”

पाच मिनिटांवर आमच्या गावात शिखर नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

मागच्या फाटकातून आम्ही बाहेर पडलो, रस्ता ओलांडला आणि बसगाड्यांच्या आगारात शिरलो. चाळीस पावलांवर माझ्या नाकाला सुगावा लागला. तीस पावलांवर खात्री पटली. वीस पावलांवर मी रुमाल नाकाला लावला, तर त्यात थाईम. ही झपाझप पुढं चाललेली. डिझेल सांडलेल्या फरशीवरून, टायरांच्या ढिगाला वळसा घालून, सार्वजनिक शौचालयाच्या मागं.

तिथं एक भिंत होती. वरून कमरेपर्यंत पिवळी, त्याच्याखाली हिरवी, अगदी तळाशी ज्या रंगाची होती त्याला नाव नाही. सांडपाण्याचा पाइप जोडापाशी फुटलेला आणि कुणीतरी त्याला चिंधी बांधलेली. चिंधीतून थेंब पडत होता. थेंबाच्या खाली, फरशीच्या फटीत, परातीएवढा गुबगुबीत, जांभळ्या फुलांनी भरलेला चिवट बसला होता. जोमात.

“हा बघा!” ही म्हणाली. बारशात पाळण्यावरचं पांघरूण बाजूला करावं तसा तिचा सूर. “उन्हाळ्यात ही भिंत तव्यासारखी तापते. हिवाळ्यात पाइपातलं पाणी इथं गोठतं. रोज सकाळी सफाईवाला जंतुनाशकाची उरलेली बादली इथंच ओततो. आत रांग असली की ड्रायव्हर लोक इथंच उरकतात, दिवसाला पंधरावीस तरी. मी मोजलंय. आणि तरी बघा कसा आहे! माती म्हणाल तर चिमूटभर नाही. सांगा, असा थाईम पाहिलाय कुणी?”

कुणी पाहिला नव्हता. तेवढ्यात कोपऱ्यावरून एक ड्रायव्हर पट्टा सोडतच आला. भिंतीपाशी कागद घेऊन उभी असलेली पाच माणसं पाहून थबकला.

“इथंही रांग लागली का?” त्याने विचारलं.

तो पट्टा आवळत, सरकारला काही तरी म्हणत निघून गेला.

अध्यक्षांचं बोट जिभेच्या वाटेवर होतं, ते अर्ध्यात थांबलं. आचारी चमचा दूर धरून त्याच्याकडे असा बघत होता, जणू चमच्यानेच त्याला फसवलं. मग त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि तीन वेळा घेतलेलं बटाट्यांसकट परत केलं. वर्णनवाल्या बाईंनी वही छातीशी धरली. तेवढं एकच त्यांना स्वच्छ वाटलं असावं.

मी हिशेब करत होतो. दिवसाला दोन चहा. नऊ वर्षं. उशी. रुमाल. दात. माझ्या पोटात काहीतरी उठलं, घशापर्यंत आलं आणि तिथं बसून वाट बघू लागलं. हात धुतल्याशिवाय मला उभं राहवेना आणि नळ होता तो शौचालयाच्या आत. म्हणजे घाण धुवायला घाणीत जायचं. गेलो. बेसिनच्या कडेवर साबणाचा एक तुकडा होता, करडा, भेगाळलेला, त्यात कुणाचा तरी केस. वास घेतला. आमच्याच कारखान्याचा. ‘ठीक’ मीच लिहिलं असणार.

बाहेर आलो तर ही सगळ्यांना समजावत होती. “अहो, असं काय करताय? इथनं मी एकच काडी नेली होती, नऊ वर्षांपूर्वी. वाफ्यातलं सगळं त्या काडीच्या काडीची काडी आहे. माती स्वच्छ, पाणी स्वच्छ. तुम्ही खाल्लंत त्यातल्या एकाही पानाने ही भिंत बघितलेली नाही!”

ती शंभर टक्के बरोबर होती. पण पोटाला वनस्पतीशास्त्र येत नाही. अध्यक्षांनी ते चाळीस वर्षं शिकवलं होतं, त्यांच्याही पोटाला येत नव्हतं.

रोपवाटिकेच्या कचेरीत परत येऊन सगळे बसले. पाण्याला कुणी हात लावला नाही. आधी वर्णनवाल्या बाई बोलल्या.

“झाड उत्तमच आहे. आपण थोडं सांभाळून लिहू. नाव ‘गिरिसुगंध’. उगम, ‘एका अज्ञात डोंगरउतारावर’.”

“आणि अकरावा रकाना,” अध्यक्ष घसा साफ करत म्हणाले, “तिथं आपण ‘नष्ट’ ठेवू.”

“नष्ट कुठं झालंय? आत्ताच बघितलंत ना?” ही म्हणाली.

“तेही करता येईल. तणनाशकाची एक बादली. म्हणजे मग खोटं लिहिल्यासारखं होणार नाही.”

हे ते अगदी प्रामाणिकपणे बोलले. खोटं लिहिण्याची त्यांना मनापासून शिसारी होती.

बायको म्हणाली, “सर, आख्ख्या आगाराचं मूत त्याने सोसलं. आता तुमची लाजही त्यानेच सोसायची?”

“बाई, जरा भाषा...”

“डोंगरावर काय, कुणीही जगेल! तो तिथं जगला म्हणून तर तो घ्यायचा. ती भिंतच काढलीत तर त्याच्यात उरलं काय? नुसता वास?”

माझ्या लेखी नुसता वास ही काही थोडी गोष्ट नव्हती. शिवाय मला फावडं दिसत होतं. मी तिच्या कानाशी लागलो. “अगं, लिहू दे ना डोंगर. अकरा दिवस राहिलेत. वाफा तरी वाचेल.”

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. खवट वडी हातात आली की मी जसा बघायचो, हुबेहूब तसं. ‘परत’.

तिने अर्ज उचलला, त्याची घडी केली आणि ती ब्लाऊजमध्ये खोवली. “राहू दे मग. तण तर तण.”

झालं. समिती उठली. कुणी वाईट वाटल्याचं बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांनी हात धुवायचे आहेत असं मात्र सांगितलं. मी त्यांना बाहेरच्या नळावर नेलं. साबणाची डबी मी खिशात बाळगतो. बायको आत वाफ्याशी जाऊन बसली होती. नुसती बसली होती, तण काढत नव्हती, हे मला लांबून दिसलं.

अध्यक्षांनी कोपरापर्यंत हात धुतले. मग पुसायला म्हणून कोटाच्या खिशातून रुमाल ओढला, तर रुमालाबरोबर ओल्या कागदाची एक सुरळी नळाच्या कट्ट्यावर पडली. कागद उलगडला. आत थाईमच्या तीन काड्या.

“वाफ्यातल्या,” ते घाईघाईने म्हणाले. “सहज. नमुना म्हणून.”

मी वाकून वास घेतला. वर लिंबाची साल, मधे जंतुनाशक, खाली आगार. “वाफ्यातल्या नाहीत, सर,” मी म्हणालो.

आचाऱ्याने तोंड फिरवलं. इतक्या झटकन फिरवलं की मी त्याच्याही जवळ गेलो. आगार त्याच्या अंगरख्याच्या वरच्या खिशातून येत होतं. ज्या माणसाने त्या भिंतीशी उभं राहून आतडी बाहेर काढली, त्याने तोंड पुसायच्या आधी काडी तोडली होती! मी हात पुढं केला. त्याने निमूटपणे काढून दिली. वर्णनवाल्या बाईंना काही विचारावंच लागलं नाही. त्यांनी चष्म्याचं घर उघडून कट्ट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, “एकच घेतली मी.”

तिघांनीही एकमेकांकडे असं पाहिलं, जणू तिघांपैकी प्रत्येक जण एकटाच सभ्य आहे.

मी आयुष्यात पुष्कळ ओंगळ पाहिलं आहे. चरबीच्या पिंपात पडून फुगलेला उंदीर पाहिला आहे. पण तो उंदीर आतून एक आणि बाहेरून एक नव्हता. ज्या काडीला आगाराचा वास होता, ती खिशात घालायला यांना चालत होती. यादीत लिहायला घाण वाटत होती. घशाशी बसलेलं ते सकाळपासूनचं काहीतरी अखेर बाहेर आलं, पण शब्द होऊन.

“अगं ए!” मी ओरडलो. “इकडं ये! यांचे खिसे बघ!”

ही आली. कट्ट्यावरच्या पाच काड्यांकडे तिने पाहिलं. मला वाटलं, आता जमीन हादरणार. तिने अध्यक्षांची काडी उचलली, उन्हात धरली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

“सर, ही फुलाची टोकं आहेत.”

अध्यक्ष खाली बघू लागले.

“फुलावर आलेली काडी कधी मूळ धरते का? आणि ही,” तिने आचाऱ्याची उचलली, “जून झालेली, लाकूड नुसतं. चुलीत घाला. आणि बाई, ही तुम्ही कापली का उपटली? शेंडा सगळा चेंगरलाय! शी!” तिला खरोखर ओकारी यावी तसं तिने तोंड केलं. सकाळपासून भिंत, पाइप, बादली, कशानेही न विटलेली ही बाई या पाच काड्यांना विटली होती. “तुम्ही यादी करता? तुम्हाला साधी काडी तोडता येत नाही?”

“चूक झाली,” अध्यक्ष पुटपुटले.

“चूक कसली, हत्या आहे ही. हवी होती तर मागायची. चांगल्या कोवळ्या काड्या कापून दिल्या असत्या, ओल्या वाळूत लावून.”

“अजून देता येतील का?” आचाऱ्याने विचारलं. त्याचा आवाज इतका बारीक होता की तो चमच्यात मावला असता.

हिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ब्लाऊजमधून अर्ज काढला, घडी मोडली आणि नळाच्या कट्ट्यावर, त्या काड्यांच्या शेजारी पसरला.

“यादीतल्या झाडाची काडी कुणालाही देते मी. कामच आहे ते. बिनयादीच्या तणाची देत नाही.”

नळ गळत होता. शेवटी अध्यक्षांनी पेन काढलं आणि अर्जावरून यादीत उतरवू लागले. नाव: चिवट. अकरावा रकाना: आहे. बाराव्या रकान्यापाशी, जिथं पत्ता लिहायचा, ते थांबले. “बसआगार परिसर,” ते लिहिता लिहिता म्हणाले.

“परिसर नको. भिंत लिहा.”

“बसआगारातील भिंत.”

“कशाची भिंत?”

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी आचाऱ्याकडे. आचारी म्हणाला, “लिहा हो, सर. शौचालयाची लिहा. उशीर होतोय.”

‘सार्वजनिक शौचालयाची मागची भिंत, सांडपाण्याच्या पाइपाखाली,’ असं यादीत गेलं. तिघांच्या सह्या झाल्या. वर्णनाच्या रकान्यात बाईंनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं आणि लिहिलं, ‘वास चांगला. मरत नाही.’

बायकोने सह्या दोनदा तपासल्या. मग कात्री घेतली आणि वाफ्याकडे निघाली. अध्यक्षांनी तिला थांबवलं.

“बाई, वाफ्यातल्या नकोत.” ते जरा लाजले. “मूळ झाडाच्याच मिळाल्या तर... कसं आहे, अस्सल ते अस्सल.”

“अहो, दोन्ही एकच आहेत, सर!”

“ते खरं. तरी पण.”

आचाऱ्याने मान डोलावली. बाईंनीही. तासाभरापूर्वी तिथून पळून आलेली ती तिन्ही माणसं हिच्या मागोमाग मागच्या फाटकातून पुन्हा आगाराकडे निघाली. आचारी तर पुढं धावून हिला रस्ता मोकळा करून देत होता.

मी गेलो नाही. ती लांब गेल्यावर मी फाटकाला कडी घातली आणि नळावर जाऊन हात धुवायला लागलो. तिसऱ्यांदा साबण लावत होतो, तेवढ्यात रस्त्यापलीकडून हिची हाक आली.

“अहो, कडी कशाला घालताय? परत येताना सगळ्यांचे हात भरलेले असतील!”